कॉलेजऐवजी गाण्याच्या वाटेवर : बारावीनंतरच्या एका वर्षाची पूर्ण तयारी

बारावीचा निकाल लागला की घरात फॉर्म, कट-ऑफ आणि फी यांच्याशिवाय दुसरा विषय नसतो. त्याच वेळी पेटी, तबला, सतार, गिटार किंवा नुसता गळा घेऊन बसलेल्या एखाद्या मुलाच्या, मुलीच्या मनात वेगळंच चालू असतं : या वर्षी कॉलेज नको, गाडी काढू आणि जिथे चांगलं गाणं आहे तिथे जाऊन राहू. मी पेटीची साथ करतो, शिकवतोही. असा विचार करणारी मुलं दर उन्हाळ्यात सल्ल्याला येतात. त्यांना जे सांगतो ते इथे क्रमाने लिहितोय.

सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगतो. हा प्रवास किलोमीटर मोजून आखू नकोस. कोणासमोर बसायचं आहे, काय ऐकायचं आहे, काय शिकून यायचं आहे, यावरून आख. चार महिन्यांत वीस शहरं पाहून आलेला मुलगा फोटो घेऊन येतो. तेवढ्याच काळात चार ठिकाणी राहिलेल्याच्या हाताला, गळ्याला काहीतरी लागलेलं असतं. खाली दिलेला मार्ग, हिशेब, गाडीची निवड, सगळं याच एका गोष्टीवर बेतलेलं आहे.

आपल्याकडे ही वाट नवी नाही. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर ग्वाल्हेरची गायकी शिकायला घर सोडून गेले आणि ती महाराष्ट्रात घेऊन आले. त्यांचे शिष्य विष्णु दिगंबर पलुस्कर १८९६ मध्ये मिरजेहून निघाले, गावोगावी गात उत्तरेत गेले आणि १९०१ मध्ये लाहोरला त्यांनी गांधर्व महाविद्यालय काढलं. संगीतशास्त्रज्ञ विष्णु नारायण भातखंड्यांनी १९०४ मध्ये दक्षिणेचा दौरा केला तो निव्वळ विचारायला आणि लिहून घ्यायला. भीमसेन जोशी १९३३ च्या सुमारास, अकरा वर्षांचे असताना, गुरूच्या शोधात घरातून निघून गेले. वडिलांनी त्यांना जालंधरहून परत आणलं. ही शेवटची गोष्ट मुलं फार आवडीने सांगतात आणि तिचा पुढचा भाग विसरतात. त्यानंतर ते कुंदगोळला सवाई गंधर्वांकडे काही वर्षं राहिले, घरची कामं करत शिकले. भटकणं काही महिन्यांचं होतं, एका जागी बसणं काही वर्षांचं.

पायरी १ : जायचं की नाही, हे घरीच तपासून घे

निकालानंतरचे दोन महिने रोज ठरलेल्या वेळी रियाज कर. सुट्टी नाही, पाहुणे आले तरी नाही. घरी, जेवण आयतं मिळत असताना, जे दोन महिने टिकलं नाही ते परक्या गावात लॉजच्या खोलीत टिकणार नाही. ही चाचणी पार झाली नाही तर प्रवास सहलीसारखा कर, आठ-दहा दिवसांत परत ये आणि कॉलेजला प्रवेश घे. त्यात कमीपणा काही नाही.

मार्क कमी पडले म्हणून, घरी भांडण झालं म्हणून किंवा मित्र निघाला म्हणून जात असशील तर थांब. तीही कारणं खरी असतात, पण त्यांच्यावरचा इलाज हा नव्हे.

आषाढी वारी याच दिवसांत येते. जमलं तर एखाद्या दिंडीबरोबर आळंदी ते पंढरपूर चालून बघ. पहाटे काकडा, दिवसभर वाटेवरचं भजन, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन. अडीच-तीन आठवडे कमी सामानात, चिखलात, लोकांमध्ये राहून गायला मिळतं. पखवाजाच्या साथीत खुल्या आवाजात सूर कसा धरून ठेवतात हे तिथे जितकं कळतं तितकं बंद खोलीत कळत नाही. पुढच्या प्रवासाला तू तयार आहेस की नाही, हेही तिथेच समजतं.

पायरी २ : आधी गुरुजी, मग आईबाबा

सध्या ज्यांच्याकडे शिकतोयस किंवा शिकतेयस त्यांची परवानगी सर्वांत आधी घे. दुसऱ्या घराण्याच्या, दुसऱ्या बाजाच्या (वाजवण्याच्या शैलीच्या) माणसासमोर जाऊन बसायचं तर ते आपल्या गुरूला सांगूनच. पुढे धारवाडला किंवा गोव्यात पहिला प्रश्न हाच येणार आहे : ‘कोणाकडे शिकता? त्यांना माहीत आहे ना?’ गुरुजींनी एक फोन केला तरी चार दारं उघडतात. त्यांनी ‘अजून नको’ म्हटलं तर कारण नीट ऐकून घे. सूर पक्का व्हायच्या आत दहा जणांचं ऐकून गळा बिघडलेली मुलं त्यांनी पाहिलेली असतात.

आईबाबांशी बोलताना एक कागद समोर ठेव. त्यावर निघण्याची तारीख, परतण्याची तारीख, मुक्कामाची गावं, प्रत्येक गावातला एक ओळखीचा माणूस, खर्च, त्यातला स्वतः मिळवलेला वाटा आणि परतल्यावर कुठे प्रवेश घ्यायचा ते लिही. ‘मला संगीतात करिअर करायचंय’ हे वाक्य त्यांनी फार ऐकलेलं असतं, त्याने त्यांची धास्ती कमी होत नाही. वर्ष वाया जाईल, पोरगं परत अभ्यासाला बसणार नाही, लोक काय म्हणतील, वाटेत काही झालं तर, अशा चार भीती असतात. पहिल्या दोनवर कागदाने उत्तर देता येतं. चौथीवर विमा, फोनची ठरलेली वेळ आणि रात्री गाडी न चालवण्याचा शब्द देता येतो. तिसरीचं उत्तर तुझ्याकडे नसतं. त्यासाठी एखाद्या मामाला, आत्याला, शेजारच्या काकांना आपल्या बाजूला घे.

पायरी ३ : कॉलेजचं दार उघडं ठेवणारे कागद

हे काम कंटाळवाणं आहे, पण जून-जुलैमध्ये करून टाक.

माझं ठाम मत आहे की वर्ष पूर्ण मोकळं सोडू नये. नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ किंवा इग्नू इथे बी.ए.ला नाव घाल. हजेरीची अट कॉलेजसारखी नसते, फी कमी असते आणि वर्षही मोजलं जातं. इग्नूला जुलै आणि जानेवारी असे दोन प्रवेश असतात. परीक्षांच्या तारखा मात्र प्रवासाच्या कॅलेंडरवर सगळ्यात आधी लिही. नेहमीच्या कॉलेजात प्रवेश घेऊन वर्गात न बसण्याचा मार्ग घेऊ नकोस. फी जाते, हजेरीवरून परीक्षेला अडवतात आणि शेवटी घरात खोटं बोलावं लागतं.

मुक्त विद्यापीठही नको असेल तर पुढच्या वर्षी प्रवेशाच्या वेळी गॅपचं प्रतिज्ञापत्र लागेल. त्या काळात दुसरीकडे प्रवेश घेतला नव्हता, असं त्यात लिहायचं असतं. शाळा सोडल्याचा दाखला आणि मूळ गुणपत्रिका घरी ठेव. प्रवासात डिजिलॉकरवरची प्रत पुरते. जात पडताळणी, नॉन-क्रीमीलेअर, अधिवास यांपैकी जे लागू असेल त्याचा अर्ज निघण्याआधीच टाक. या कागदांना वेळ लागतो आणि ते नेमके प्रवेशाच्या आठवड्यात अडतात. शिष्यवृत्ती मिळणार असेल तर खंड पडल्यावर ती चालू राहते का, हे समाजकल्याण कार्यालयात जाऊन विचार. सीईटीचे गुण पुढच्या वर्षी चालत नाहीत, पुन्हा परीक्षा द्यावी लागते, हेही धरून चल.

संगीतातच पदवी घ्यायची असेल तर पुण्याचं ललित कला केंद्र, मुंबई विद्यापीठाचा संगीत विभाग अशा ठिकाणी तुझं गाणं-वाजवणं ऐकूनच निवड होते. तिथे या वर्षाचा थेट उपयोग होतो. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा देत असशील तर मध्यमा किंवा विशारदचं सत्र चुकवू नकोस. फॉर्म बरेच आधी भरावे लागतात.

पायरी ४ : कधी निघायचं

पावसाळ्यात निघू नकोस. घाटात दरडी कोसळतात, तबल्याची पुडी (वरचं कातडं) उतरते, पेटीच्या पट्ट्या अडकतात. शिवाय जून ते सप्टेंबर हे कमाईचे महिने आहेत. श्रावणात भजनी मंडळांना पेटी-तबल्याची साथ हवी असते, गणेशोत्सवात ऑर्केस्ट्रा आणि सुगमसंगीताचे कार्यक्रम असतात, लहान मुलांच्या शिकवण्या वर्षभर मिळतात. याच काळात पैसे जमव, कागद पूर्ण कर, ड्रायव्हिंग लायसन्स काढ. शिकाऊ लायसन्स मिळाल्यावर पक्क्या चाचणीसाठी ३० दिवस थांबावं लागतं आणि शिकाऊ लायसन्स ६ महिने चालतं. म्हणजे सप्टेंबरमध्ये धावपळ करून चालणार नाही.

नवरात्रात निघ, फेब्रुवारीच्या अखेरीस परत ये. साधारण साडेचार महिने होतात. हवा कोरडी असते, मैफलींचा हंगाम असतो आणि पुढच्या प्रवेशाचे फॉर्म सुटण्याआधी घरी पोचता येतं.

पायरी ५ : मार्ग

पुण्याकडून किंवा साताऱ्याकडून निघणाऱ्यासाठी एक मार्ग देतो. विदर्भातला, खानदेशातला मुलगा वेगळा मार्ग आखेल, पण पद्धत हीच.

पहिला मुक्काम मिरज, तीन-चार आठवडे. इथे येण्याची दोन कारणं. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब इथे राहिले, त्यांची कबरही मिरासाहेबांच्या दर्ग्यात आहे आणि उरुसाच्या वेळी त्यांच्या स्मरणार्थ तिथे गाणं होतं. नवरात्रात अंबाबाईच्या देवळातही संगीत महोत्सव असतो. दुसरं कारण त्याहून मोठं : सतारमेकर गल्ली. एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेबांपासून इथे सतारी आणि तंबोरे घडतायत, आणि मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला आता भौगोलिक मानांकनही मिळालंय. पंढरपूरच्या बाजूने भोपळे येतात, ते वाळवतात, मापात कापतात, दांडी जोडतात. एखाद्या कारखान्यात विनंती करून रोज दोन तास बसायला मिळालं तर बैस. झाडून काढ, चहा आण, हत्यारं हातात दे. जवारी (तारेचा झंकार) काढताना घोडीवर, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीवर, किती बारीक घासायचं आणि तेवढ्याने तारेचा आवाज कसा उघडतो, हे कानाने ऐकलेला गायक तंबोरा लावताना कायम वेगळा असतो. गिटार वाजवणाऱ्यानेही हे चुकवू नये.

तिथून कोल्हापूर फार तर दीड तास. अल्लादिया खाँसाहेब शाहू महाराजांच्या पदरी इथे होते, जयपूर-अत्रौली गायकी इथे रुजली. देवल क्लबमध्ये चौकशी कर, कार्यक्रम असेल तर ऐक. चार-पाच दिवस पुरेत, पुढे निघ.

बेळगावमार्गे धारवाड. इथे लांब राहा, महिना-दीड महिना. धारवाड, हुबळी, कुंदगोळ, गदग हा सगळा टापू एकमेकांपासून तास-दीड तासावर आहे, तेव्हा धारवाडला एक खोली घेऊन बाकीच्या ठिकाणी ये-जा करता येते. गायक मल्लिकार्जुन मन्सूर यांचं घर आता स्मारक आहे. हुबळीला गायिका गंगूबाई हनगल यांचं घर आहे. कुंदगोळचा नाडगीर वाडा पाहा. गदगला वीरेश्वर पुण्याश्रम आहे, पंचाक्षरी गवई आणि नंतर पुट्टराज गवई यांनी वाढवलेला. दृष्टिहीन मुलं तिथे राहून संगीत शिकतात. आधी परवानगी विचारून जा, दिवसभर बैस, आश्रमात काही काम असेल तर कर. पहाटेपासून एकेका स्वरावर चाललेली मेहनत तिथे दिसते. धारवाडात जुन्या संगीतप्रेमी घरांतून मराठी समजतं, पण कामापुरतं कन्नड शिकून जा. घरमालकीणबाईंशी दोन वाक्यं त्यांच्या भाषेत बोललीस की त्या रियाजाबद्दल कुरकुर करत नाहीत.

डिसेंबरमध्ये गाडी धारवाडलाच ठेव आणि हुबळीहून रेल्वेने पुण्याला सवाई गंधर्व भीमसेन महोत्सवाला ये. भीमसेनजींनी १९५३ मध्ये गुरूच्या स्मरणार्थ सुरू केलेला हा महोत्सव, कुंदगोळ पाहून आल्यावर ऐकलास तर फार वेगळा ऐकू येतो. भारतीय बैठकीचं (खाली बसण्याचं) तिकीट काढ, सगळे दिवस बैस. दोन रात्री घरीही जाऊन ये, आईला बरं वाटेल.

जानेवारीत गोवा. बहुतेकांच्या डोक्यात समुद्र आणि कॅफे असतात. तेही असू दे, गिटारवाल्यांना तिथे वाजवायला मिळतं. पण फोंडा तालुक्यातल्या देवळांच्या परिसरात राहा. मंगेशी, म्हार्दोळ, कवळे इथून आपल्या गाण्यातली किती कुटुंबं आली! गायिका केसरबाई केरकर तिथल्याच केरी गावच्या. १९७७ मध्ये व्हॉयेजर यानाबरोबर पाठवलेल्या तबकडीवर भारतीय संगीतातलं त्यांचंच गाणं गेलं. पणजीच्या कला अकादमीत कार्यक्रम चालू असतात. चर्चच्या संगीतशाळांची परंपरा पोर्तुगीज काळापासूनची आहे. स्टाफ नोटेशन वाचायला शिकायचं असेल तर गोव्यात शिक, कोणी ना कोणी भेटतंच. घुमट या मातीच्या तालवाद्यावरची आरती जरूर ऐक. घुमट विकत घेणार असशील तर घोरपडीच्या कातड्याचं घेऊ नकोस. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने घोरपडीला संरक्षण आहे, बाळगणाराही गुन्ह्यात अडकतो. बकरीच्या कातड्याची मिळतात.

परत येताना सावंतवाडी, कुडाळ, वेंगुर्ला. दिवाळीनंतर गावोगावच्या जत्रांतून दशावतार चालू असतात. नाटक रात्री उशिरा सुरू होऊन पहाटेपर्यंत चालतं, संवाद लिहिलेले नसतात, आणि पेटी, मृदंग, झांज यांना नटाच्या मागे जावं लागतं. कोण कुठल्या पट्टीत पद उचलेल हे आधी माहीत नसतं. साथीदाराने हे आठ रात्री ऐकावं, शक्य तर पेटीवाल्याच्या शेजारी बसून. पिंगुळीला ठाकर समाजाची चित्रकथी (चित्रं दाखवत सांगितलेली कथा) आणि कळसूत्री बाहुल्याही बघ. मग आंबोली घाटाने वर ये, कोल्हापूरमार्गे घरी.

पायरी ६ : गाडी

गायक किंवा बासरीवाला असशील आणि एकटं जायचं असेल तर मोटरसायकल चालते. तबला, पेटी, सतार, तंबोरा यांच्यासाठी चारचाकी लागते. दोघं मिळून घरची जुनी गाडी घ्या. या प्रवासासाठी नवी गाडी, नवं कर्ज मुळीच नको. गाडी वडिलांच्या नावावर असली तरी चालते. आरसीची मुदत, विमा आणि पीयूसी तपासून घे. खासगी गाडीला कर्नाटकात-गोव्यात वेगळं परमिट लागत नाही. फास्टॅगमध्ये पैसे ठेव. मोटरसायकलला राष्ट्रीय महामार्गावर टोल नाही, पण मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे आणि समृद्धी महामार्गावर दुचाकी चालत नाही.

गाडी नसेल तर एसटी आणि रेल्वेनेही हाच मार्ग होतो. मिरज, बेळगाव, धारवाड, हुबळी, मडगाव सगळी रेल्वेवर आहेत. एसटीत मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट आहे, आणि एसटीचा ‘आवडेल तेथे प्रवास’ पास ४ किंवा ७ दिवसांचा मिळतो.

एक धोका या मार्गाचा खास आहे. ऑक्टोबरच्या अखेरीपासून सांगली, कोल्हापूर, बेळगाव पट्ट्यात ऊसतोड सुरू होते. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रात्री रस्त्यावर असतात आणि पुष्कळांना मागे दिवा किंवा रिफ्लेक्टर नसतो. अंधारात ते दिसतात तेव्हा फार उशीर झालेला असतो. म्हणून सूर्यास्तानंतर गाडी चालवायची नाही, मैफल संपल्यावर तर मुळीच नाही. रात्री दोन वाजता कार्यक्रम संपला तर तिथेच पडायची सोय आधी बघून ठेव. मदतीसाठी ११२, रुग्णवाहिकेला १०८, राष्ट्रीय महामार्गावर १०३३. हे तीन नंबर फोनमध्ये आणि गाडीत कागदावरही लिहून ठेव.

पायरी ७ : वाद्य

उन्हात उभ्या गाडीत वाद्य ठेवू नकोस. कितीही भूक लागलेली असो, जेवायला उतरताना सतार, गिटार बरोबर ने. बंद गाडीतल्या उष्णतेने सरस सुटतो, दांडी वाकते, भोपळ्याला तडा जातो. सतारीला फायबरची पेटी घे, तारा थोड्या उतरव. पूर्ण सोडू नकोस, घोडी जागेवरून हलते. तबला लांबच्या प्रवासात थोडा उतरवून, जाड पिशवीत, उभा ठेव. गोव्यात दमट हवेत शाईची (तबल्यावरच्या काळ्या गोलाची) काळजी घे, वाजवून झाल्यावर कोरड्या कापडाने पूस आणि लगेच झाक. पेटीचं वजन दहा-बारा किलो सहज भरतं, भात्याला धक्का लागणार नाही अशी मागच्या सीटवर पट्ट्याने बांध. बासरी थेट उन्हात किंवा एसीच्या झोतात नको. तारांचे दोन जादा संच, हातोडी, पावडर, छोटा स्क्रूड्रायव्हर आणि फोनवर तानपुरा-तबल्याचं ॲप. वाद्याचे फोटो आणि खरेदीची पावती घरी एका माणसाकडे असू दे, चोरी झाली तर पोलिसांत दाखवता येतं.

पायरी ८ : पैसे

मार्ग साधारण १,२५० किलोमीटरचा आहे. आसपासची ये-जा धरून दुप्पट, २,५०० समज. लिटरला १५ किलोमीटर धावणाऱ्या गाडीला सुमारे १६७ लिटर पेट्रोल, १०५ रुपये दराने साडेसतरा हजार. आता बाकीचं बघ. महिन्याच्या खोल्यांचं भाडं ५,००० प्रमाणे साडेबावीस हजार. वाटेतल्या वीस रात्री लॉजवर ७०० प्रमाणे १४ हजार. जेवण रोज २५० प्रमाणे सुमारे ३४ हजार. शिकण्याच्या दक्षिणेसाठी २० हजार, वाद्याच्या दुरुस्तीला ५ हजार, मैफलींच्या आणि रेल्वेच्या तिकिटांना ५ हजार, फोनला २ हजार. एकूण सुमारे १ लाख २० हजार. यावर २५ हजार असे ठेव की ज्यांना आजारपण आणि अपघात सोडून हात लावायचा नाही. ते आईच्या खात्यात राहिलेले बरे. भाडी गावागणिक बदलतील, स्वतःचे आकडे घालून पुन्हा मांड.

या हिशेबात पेट्रोल जेमतेम सातव्या हिश्श्याइतकं आहे. पैसा लागतो तो राहण्याजेवण्याला आणि शिकण्याला. त्यामुळे कमी हिंडलं म्हणून फार वाचत नाही, खोली दोघांत घेतली तर वाचतं. गुरूला द्यायच्या दक्षिणेत मात्र काटकसर करू नकोस.

वाटेत कमवता येईल, पण त्यावर विसंबून निघू नकोस. गोव्यात कॅफेत वाजवून जेवण आणि थोडे पैसे सुटतात. भजनी मंडळात साथ केली तर बिदागीपेक्षा ओळखी जास्त मिळतात. घरगुती बैठकीला कोणी बोलावलं तर मानधन आधी विचार, लाजू नकोस.

पायरी ९ : कोणासमोर कसं बसायचं

इन्स्टाग्रामवर मेसेज टाकून ‘सर, मला शिकवाल का’ असं विचारू नकोस. ओळखीतून फोन जाऊ दे, मग स्वतः फोन करून ‘ऐकायला येऊ का’ एवढंच विचार. पहिल्या दिवशी फळं घेऊन जा, वाकून नमस्कार कर, शिकवणी चालू असेल तर मागे बैस. ‘काही म्हणून दाखव’ असं म्हटलं तर आपल्या गुरूकडून जे पक्कं आलंय तेच म्हण. त्यांच्या घराण्याची चीज यूट्यूबवरून उचलून त्यांनाच ऐकवण्याचा मोह टाळ. पुढे शिकवायला तयार झाले तर दक्षिणा किती, कशी द्यायची ते सरळ आणि नम्रपणे विचार. पैसे नको म्हणाले तर घरातलं काम शोध.

परवानगीशिवाय रेकॉर्डिंग करू नये. परवानगी मिळाली तरी ती स्वतःच्या अभ्यासापुरती समज. कुठेही टाकण्याआधी पुन्हा विचार. दशावतारी पेटीवाले, भजनी बुवा, आश्रमातली मुलं यांच्या बाबतीत हे अधिकच पाळ, कारण त्यांच्याकडून कोणी सहसा विचारून घेत नाही. कधी टाकलंच तर नाव, गाव, वाद्य नीट लिही आणि मिळालेल्या पैशातला वाटा पोचव.

रोज रात्री वही लिही. कोणता राग, कोणती बंदिश, कोणी सांगितली, त्यांना कोणाकडून मिळाली, स्वरलेखन जमेल तेवढं. फोनमधल्या रेकॉर्डिंगचे ढीग नंतर कोणी ऐकत नाही. वही चाळली जाते.

रियाजाची जागा मुक्कामाच्या पहिल्या संध्याकाळीच शोध. लॉजमध्ये पहाटे गाता येत नाही. देवळाचा सभामंडप, शाळेचा बंद वर्ग, तळ्याचा काठ यांपैकी काहीतरी मिळतं. पुजाऱ्याला किंवा शिपाईदादाला आदल्या दिवशी विचारून ठेवायचं. काहीच नसेल तर गावाबाहेर गाडी उभी करून काचा लावून बैस. दिवसाला तीन तास रियाज आणि दोन तास ऐकणं होत नसेल तर त्या गावातला मुक्काम उठव.

पायरी १० : तब्येत, सुरक्षितता आणि मुलींसाठी थोडं वेगळं

रोज रात्री आठला घरी फोन, आणि फोनवरचं लोकेशन एका माणसाला कायम दिसत राहील असं कर. घरच्या आरोग्य विम्यात तुझं नाव आहे का, कार्ड कुठे आहे, बघ. गाणाऱ्यांनी धुळीत रुमाल बांधावा, जागरणानंतर सकाळी वरच्या सप्तकात जाऊ नये.

मुलींनी दोघींनी मिळून जावं, असं मी सांगतो, आणि खोली कुटुंबाच्या घरात किंवा मुलींच्या वसतिगृहात घ्यावी. शिकवणी घरातल्या इतर माणसांच्या देखत, दार उघडं असताना व्हावी, ही अट ठेवण्यात उद्धटपणा नाही. गुरू म्हणून मान द्यायचा म्हणजे नकोसा स्पर्श किंवा नकोसं बोलणं सहन करायचं, असं कोणी सुचवलं तर त्याच दिवशी सामान उचल, घरी सांग, तुझ्या गुरुजींनाही सांग. मुलग्यांनीही हे स्वतःसाठी लक्षात ठेवावं. त्रास त्यांनाही होतो, आणि ते बोलत नाहीत.

नातेवाइकांकडे उतरायचं तर तीन रात्रींवर नाही. कितीही आग्रह झाला तरी चौथ्या दिवशी आपली खोली.

पायरी ११ : परतल्यावरचे पंधरा दिवस

पहिल्या दिवशी झोप. दुसऱ्या दिवशी गुरुजींकडे जा, वही त्यांच्यासमोर उघड, काय काय शिकलो ते म्हणून दाखव आणि त्यातलं काय ठेवायचं, काय तूर्त बाजूला ठेवायचं ते त्यांनाच ठरवू दे. ज्यांनी ज्यांनी शिकवलं, खोली दिली, जेवायला घातलं त्यांना हाताने पत्र लिही. फोनपेक्षा पत्र जपून ठेवलं जातं. वाद्य दुरुस्तीला टाक. घरच्यांसाठी, शेजाऱ्यांसाठी हॉलमध्ये एक छोटी बैठक कर, तासाभराची, नव्याने बसवलेल्या दोन चीजा घेऊन.

मग फॉर्म. प्रवेशपरीक्षा आणि संगीत विभागांच्या चाचण्यांच्या सूचना मार्चपासून बघायला लाग, मुक्त विद्यापीठाचे स्वाध्याय राहिले असतील तर ते आधी पूर्ण कर. कॉलेजला नियमित जायचं की मुक्त विद्यापीठ चालू ठेवून धारवाडच्या किंवा गोव्याच्या एखाद्या गुरूंकडे दोन-तीन वर्षं राहायचं, हे एप्रिलच्या अखेरीपर्यंत आईबाबा आणि गुरुजी यांना एकत्र बसवून ठरव. राहायचं ठरलं तर त्या गुरूंना विचारण्यासाठी गुरुजींनाच फोन करायला सांग आणि पुढच्या वर्षाच्या खर्चाचा कागद त्याच बैठकीत मांड.